नियमाचे काव्य

बालवाङ्मय आणि रेल्वेचे नियमपुस्तक यांच्यात काही नाते असू शकेल, ही कल्पना प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. एकात कल्पनेला मोकळे रान, दुसऱ्यात कलमे आणि पोटकलमे. तथापि विल्बर्ट ऑड्री या इंग्रज धर्मोपदेशकाने १९४५ ते १९७२ या काळात लिहिलेली सव्वीस छोटी पुस्तके लक्षपूर्वक वाचली, तर त्यांचा प्राण या नात्यातच आहे असे दिसून येईल. ‘टॉमस’ नावाच्या निळ्या इंजिनामुळे ही सृष्टी आपल्याकडील मुलांनाही परिचित आहे. परंतु तो परिचय बहुधा खेळण्यांच्या व पडद्यावरील चित्रांच्या द्वारे झालेला असतो. मूळ पुस्तकांचा गुण कोणता आणि त्याची हानी कोठे झाली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

ऑड्री यांचा जन्म १९११ चा. लहानपणी त्यांचे बिऱ्हाड बॉक्स येथील बोगद्यापासून जवळच होते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या चढणीवर धापा टाकणाऱ्या इंजिनांचे आवाज कानी पडत, आणि ती परस्परांशी बोलत आहेत असे त्या मुलास वाटे. १९४३ साली त्यांचा स्वतःचा मुलगा गोवराने आजारी पडला, तेव्हा त्याला रमविण्यासाठी हीच बोलकी इंजिने गोष्टींत अवतरली. येथवरची हकीकत कोणाही बालसाहित्यकाराची असू शकेल. वेगळेपण पुढे आहे. जो प्रसंग कोठल्या तरी खऱ्या रेल्वेवर घडलेला नाही, तो आपल्या गोष्टीत घडावयाचा नाही, असे बंधन ऑड्री यांनी हळूहळू स्वतःवर घालून घेतले. इंजिनांना वाचा आहे, एवढी एकच सवलत; बाकी सारा व्यवहार रुळांच्या कायद्याने चालावयाचा. आपल्या इंजिनांसाठी त्यांनी व त्यांच्या बंधूंनी सोडोर नावाचे बेट रचले, त्याला इतिहास व भूगोल दिला. आणि त्यातील एका फाट्याची लहानशी प्रतिकृती स्वतः बांधून ते ती प्रदर्शनांत मांडीत असत.

या काटेकोरपणाची थट्टा करणे सोपे आहे. आगगाडीच्या छांदिष्टाला बोगीच्या चाकांची संख्या कळते, माणसाचे मन कळत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर म्हणून १९५० साली प्रसिद्ध झालेली पर्सीची गोष्ट पाहावी. पर्सी हे लहान हिरवे इंजिन मुख्य मार्गावर सिग्नलापाशी उभे आहे. आपण येथे आहो हे शिट्टी देऊन केबिनीतील माणसास कळवावयाचे असते, ते राहून जाते. तो माणूस त्याला विसरतो. आणि मागून जलद गाडी येऊ लागते. घाबरलेला पर्सी उलट धावत सुटतो व शेवटी मातीच्या ढिगाऱ्यात जाऊन रुततो. मुले हसतात आणि पान उलटते.

परंतु या हास्याच्या मागे काय उभे आहे? ब्रिटिश रेल्वेचा पंचावन्नावा नियम असा होता की, गाडी सिग्नलापाशी खोळंबली तर ड्रायव्हरने शिट्टी द्यावी, आणि तरीही मार्ग मोकळा न झाल्यास आपल्यापैकी एकाने केबिनीत जाऊन आपल्या गाडीची आठवण द्यावी. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे केबिनीसमोर उभी असलेली एक लोकल गाडी सिग्नलमन विसरला. ज्या गाडीने तो स्वतः कामावर आला होता, तीच ही गाडी! फायरमन नियमाप्रमाणे केबिनीत गेला होता, त्याने वहीत सहीही केली होती. मात्र सिग्नलाच्या खटक्यावर अडकवावयाची खुणेची कडी अडकविली आहे की नाही, हे कोणी पाहिले नाही. सैनिकांनी भरलेली गाडी त्या लोकलवर आदळली, मागोमाग दुसरी जलद गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली, आणि आगीत दोनशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रेल्वेचे पुष्कळसे नियम असे कोणाच्या तरी प्राणाच्या मोलाने लिहिले गेले आहेत. ऑड्री हे मुलांना सांगत नाहीत, आणि सांगत नाहीत हेच योग्य. परंतु त्यांना ते ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या विनोदाला वजन आहे. विसरणे हा किती साधा, किती मानवी दोष आहे, आणि त्यावर शिट्टीसारखा साधा उपाय का शोधावा लागला, हे मूल नकळत शिकते.

हा नियम लेखकालाही लागू होता. १९५२ साली वेल्समधील टालिलिन या छोट्या रेल्वेवर ऑड्री स्वयंसेवक गार्ड म्हणून काम करीत असता फराळाचे पदार्थ विकणाऱ्या बाईंना फलाटावरच सोडून त्यांनी गाडी सोडून दिली. ही स्वतःची फजिती त्यांनी १९५५ च्या पुस्तकात एका इंजिनाच्या नावावर जमा केली!

आता दोष. पहिल्याच पुस्तकात हेन्री नावाचे इंजीन पावसाने रंग खराब होईल म्हणून बोगद्यातून बाहेर येत नाही. तेव्हा रेल्वेचे स्थूल डायरेक्टर रूळ उखडवितात, समोर भिंत बांधवितात आणि त्याला तेथेच कोंडून ठेवतात. ही कथा वाचताना मन अस्वस्थ होते, आणि ते व्हावयास पाहिजे. कोणतीही खरी रेल्वे एका हट्टी इंजिनासाठी चांगला बोगदा बुजविणार नाही. येथे शिक्षा नियमाने केलेली नाही, मालकाच्या मर्जीने केलेली आहे. ऑड्री यांच्या पुस्तकांतील नीती जेथे कठोर व अप्रिय होते, तेथे रेल्वेही खोटी झालेली असते, हे माझे मुख्य निरीक्षण आहे. मर्जी खालच्याला बांधते, वरच्याला मोकळे सोडते. नियम दोघांनाही बांधतो, म्हणून त्याच्या पालनात मानहानी नसते. आज्ञाधारकपणाच्या या दोन जाती मुलांना वेगळ्या दाखविल्या पाहिजेत. आपल्या घरांत आणि शाळांत त्यांची सरमिसळ आपण नित्य करीत असतो.

१९८४ पासून या कथा दूरचित्रवाणीवर आल्या, आणि पुढे नव्या कथा रचल्या जाऊ लागल्या. त्यांपैकी एकीत हेन्री वनशोभा पाहण्यासाठी वाटेतच थांबतो. ऐंशीच्या घरात पोचलेल्या ऑड्री यांनी तीव्र हरकत घेतली: मागून येणाऱ्या गाडीचे काय? पंचावन्नावा नियम कोठे गेला? लोकांना हा वृद्धाचा हेकटपणा वाटला असेल. मला तो उत्तम समीक्षेचा नमुना वाटतो. जे इंजीन हवे तेथे थांबू शकते, त्याच्या थांबण्याला अर्थ उरत नाही.

आपल्या काव्यात आगगाडी आली ती बहुधा प्रतीक होऊन. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ (१९४२) मधील ‘आगगाडी आणि जमीन’ ही कविता घ्या. जमीन विनवते, गाडी उन्मत्तपणे तिला तुडवीत जाते आणि अखेर कोसळते. प्रतीक म्हणून तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे, आणि कवीने वेळापत्रक पाहावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु भोर घाटाच्या चढणीवर पिढ्यान् पिढ्या ज्यांनी गाड्या चढविल्या व उतरविल्या, त्या सांधेवाल्यांचे, गार्डांचे, केबिनीत रात्र जागविणाऱ्यांचे जग आपल्या मुलांच्या पुस्तकांत फारसे आलेले नाही. आपल्या बालगीतांतील गाडी मामाच्या गावी सुखरूप पोचते. तिला सुखरूप कोणी पोचविले, हे मूल विचारीत नाही, कारण आपणही ते कधी सांगितलेले नसते. एका खेड्यातील धर्मोपदेशकाने ते सांगितले, आणि तेही हसत हसत. त्याचे छोटे पुस्तक मुलाच्या हाती देताना आपणही ते एकदा वाचावे, एवढेच सुचवावेसे वाटते.