माघातले बंदर आणि प्रयोगाचे मोल

मांडव्याच्या धक्क्यावरून पलीकडची मुंबई पहाटे धूसर रेषेएवढीच दिसते. बंदराचा कोलाहल तेथवर पोहोचत नाही. बा. सी. मर्ढेकर त्या कोलाहलाच्या तीरावरचे कवी. तरीही माघातल्या प्रभातीचे तेच बंदर त्यांना गर्भवतीच्या सोज्वळ रूपात प्रतीत झाले. धूर आणि मालवाहतूक यांच्याशी मातृत्वाची सांगड घालणे हे केवळ चमत्कृतीचे द्योतक ठरले असते; ते तसे ठरत नाही, कारण बोजे उतरवून घेणारे बंदर आणि प्रसूतीची वाट पाहणारी स्त्री यांत भाराचे आंतरिक साम्य आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी विवेचिलेल्या विरोधलयीचा व संवादलयीचा प्रत्यय येथे एकत्र येतो. शिवाय चाल सोळा मात्रांची, मराठी कानाला परिचित अशी. म्हणूनच प्रतिमेचे नावीन्य अधिक ठसते.

‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावरील अश्लीलतेच्या खटल्यात कवी निर्दोष सुटला. तो निर्णय कायद्याचा. कलेचा निवाडा त्याने होत नाही, हे समर्थकही विसरले. अनुकरणकारांनी तर पिंपातले मेलेले उंदीर तेवढे उचलले. छंदावरील हुकमत तेथेच राहिली.