अंदाज कुणाला येतो?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी अमरावतीत गाडगेनगरला खोली केली, मेसचा डबा बंद केला आणि पहिल्याच रात्री पिठल्याचा सत्यानाश केला. सगळ्या गुठळ्या, त्यात बेसनाचा कच्चा वास. मी अकोल्याला आईला फोन लावला.

"पाणी किती टाकू?"

"अंदाजानं टाक ना रे."

"म्हणजे किती?"

"पाहून समजते."

मला पाहून काही समजत नव्हतं. दिवाळीला घरी गेलो तेव्हा कपाटातली 'रुचिरा' उचलून आणली. ताईला लग्नाच्या आधी कुणीतरी भेट दिलेली, तिने कधी न उघडलेली.

स्वयंपाकाची पुस्तकं आपण वापरतो, वाचत नाही. पण लिहिणाऱ्याने समोर कोण धरलंय, हे तिथंही ओळीओळीत दिसतं. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 1910 सालच्या पुस्तकाचं नावच 'गृहिणी-मित्र'. वाचक कोण, हे मुखपृष्ठावरच ठरलेलं. 1970 साली आलेल्या 'रुचिरा'त कमलाबाई ओगल्यांनी मापासाठी वाटी आणि चमचा घेतला. अमेरिकेत फॅनी फार्मरने 1896 साली सपाट भरलेल्या कपा-चमच्यांची मापं रूढ केली होती, पण त्यासाठी ठरावीक आकाराचा कप लागतो. वाटी कुठल्याही घरात असते. ती लहान असो की मोठी, एकाच वाटीने सगळं मोजलं की प्रमाण बिघडत नाही. सासूशेजारी उभं न राहिलेल्या माणसालाही स्वयंपाक करता यावा, अशी ही सोय आहे. नवऱ्या मुलींना हे पुस्तक भेट दिलं जायचं, पण वाटीला मुलगा-मुलगी कळत नाही. माझं दुसरं पिठलं खाण्यासारखं झालं ते वाटीमुळे.

पण वाटी एका जागी थांबते. 'खमंग भाजा' असं कुठल्याही पाककृतीत लिहावंच लागतं, आणि खमंग कुठल्याच वाटीत मावत नाही. तिथं मी यूट्यूबकडे वळलो. व्हिडिओत भाजलेल्या बेसनाचा रंग दिसतो, वास येत नाही. आणि मुख्य म्हणजे व्हिडिओला माझी कढई दिसत नाही. करपायला लागलं तरी तो हसत पुढच्या स्टेपला जातो.

खरं तर कुणी माझं पाहून सांगतंय, असं मी एकदा अनुभवलं होतं. आमच्याकडे वावरात रोडग्यांचा कार्यक्रम असला की कणीक मळण्यापासून गोवऱ्यांच्या आरापर्यंत सगळं माणसांकडे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना मोठे बाबा मला आराजवळ बसवायचे. "पलटव आता. हा नाही, तो." वाटी नाही, घड्याळ नाही. चार-पाच कार्यक्रमांनंतर कोणता रोडगा झाला हे मला वाजवून कळायला लागलं. म्हणजे अंदाज मलाही आला होता. फक्त त्याला कुणी स्वयंपाक म्हणत नव्हतं. घरी आलो की मी पुन्हा पाटावर, आणि ताई चुलीपाशी.

म्हणून 'अंदाज ही कला आहे, ती मापात बसत नाही' असं कौतुकाने लिहिलेले लेख मला पटत नाहीत. अंदाज म्हणजे कुणाला किती वर्षं गॅससमोर उभं केलं, त्याचा हिशेब. माप नसण्याचं कौतुक तेच करतात ज्यांना आयतं ताट मिळालं. 'रुचिरा'चं मोठेपण मला चवीपेक्षा यात वाटतं, की हे येणं रक्तात नसतं, शिकवता येतं, असं ते पुस्तक धरून चालतं.

मागच्या सुट्टीत मी आईचं पिठलं मोजून लिहायला बसलो. ती मुठीने बेसन घ्यायची, मी मूठ वाटीत रिकामी करायला लावायचो. ती वैतागली. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा वाटीत एकाच रेषेपर्यंत भरलं. आई स्वतःच वाटीकडे पाहत राहिली.

ताई आली होती. तिने कागद वाचला, म्हणाली, "मले तर कोणी मोजून देलं नव्हतं. बिघडलं की बोलणं खायचं, बस."

कागदावर ते कुठं लिहायचं, मला सुचलं नाही. मी पीठ भिजवायला घेतलं, तिला बसायला सांगितलं. ती बसली, पण दोन मिनिटांत उठून गॅस बारीक करून गेली.