विनोदकाराची बैठक : रत्नागिरीतून एक अवलोकन

करुण कथा लिहिणारा लेखक आपल्या खोलीत एकटा बसून डोळे पुसू शकतो आणि त्या अश्रूंच्या साक्षीवर आपल्या लेखनाचा भरवसाही धरू शकतो. परंतु विनोदी लेखकाला स्वतःच्या हास्याची जबानी पुराव्यात घेता येत नाही, कारण ज्या वाक्याने त्याला हसू फुटले त्या वाक्यामागच्या साऱ्या व्यक्ती, प्रसंग आणि आठवणी त्याच्या एकट्याच्या मनात हजर असतात आणि वाचकापुढे त्यांपैकी एकही हजर नसते. म्हणूनच मराठी विनोदाच्या इतिहासाकडे पाहू जाता, जी आपण एकेका प्रतिभावंताची करामत मानतो तिच्या पाठीशी बहुधा एखादी मंडळी, एखादी बैठक, निदान एखादा प्रेमळ आणि कठोर स्नेही उभा असलेला आढळतो. आणि ज्या शहराच्या नित्याच्या बोलण्यातच विनोद मुरलेला आहे त्या रत्नागिरीत लिखित विनोदाचे पीक इतके बेताचे का, या प्रश्नाचे उत्तरही मला याच दिशेला सापडते.

मराठी विनोदी लेखनाचा आद्य ग्रंथ म्हणून श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’कडे बोट दाखवले जाते, आणि १९१० साली ग्रंथरूप झालेल्या या लेखनाची मांडणीच मुळी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाच्या सहवासावर झालेली आहे. या कोल्हटकरांना राम गणेश गडकऱ्यांनी गुरुस्थानी मानले, ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेखन केले, आणि त्या दोघांचा वारसा प्रल्हाद केशव अत्र्यांनी अभिमानाने सांगितला. अत्र्यांचा दाखला तर अधिकच उद्बोधक आहे. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी एकत्र आले, परस्परांच्या कविता ऐकू लागले, आणि त्यांच्या काव्यात जी समान लकब उत्पन्न झाली ती ‘केशवकुमार’ या नावाने लिहिणाऱ्या अत्र्यांच्या विडंबनाला आयतीच सापडून १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ अवतरली. विडंबनकार मंडळाच्या बाहेरचा होता हे खरे. परंतु मंडळ नसते तर विडंबनाला लक्ष्यही नसते, ही गोष्ट समीक्षकांनी जितकी मनावर घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाही.

याच्या उलट, मंडळीच्या आतच बसून लिहिलेल्या विनोदाचा नमुना म्हणजे ‘ठणठणपाळ’. केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी, म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचे सुपुत्र, या टोपणनावाने साहित्यिकांच्या खोड्या काढीत राहिले, आणि वसंत सरवट्यांच्या रेषेने त्या नावाला हातोडाधारी देह दिला. लेखक, प्रकाशक आणि चित्रकार यांचा जिव्हाळ्याचा वावर ज्याला लाभला नसता, त्याला कोणाचा अहंकार कोठे दुखतो आणि कोणता टोला प्रेमाचा ठरतो याची इतकी सूक्ष्म जाण येणे शक्य नव्हते. दत्ताराम मारुती मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीने कथाकथनाच्या निमित्ताने महाराष्ट्र पालथा घातला, तेव्हा व्यासपीठावर बसलेल्या दोघांनी तिसऱ्याची तीच कथा कितीदा ऐकली असेल, आणि कोणत्या गावी श्रोता कोणत्या शब्दावर खुलला, कोठे नुसताच खोकला, याची किती बारीक नोंद त्यांच्या मनाच्या दफ्तरी झाली असेल! मिरासदारांच्या ‘माझ्या बापाची पेंड’सारख्या कथेतील एकही शब्द फाजील वाटत नाही, त्याचे श्रेय मी त्यांच्या प्रतिभेइतकेच या चालत्या-बोलत्या परीक्षक-मंडळालाही देतो.

आता रत्नागिरीकडे वळू. पु. ल. देशपांडे यांच्या पत्नी सुनीताबाईंचे हे माहेर, १९४६ मध्ये त्यांचा विवाह झाला तो येथेच, आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’तील अंतू बर्वा हा याच शहराच्या मधल्या आळीचा रहिवासी. अंतूचे बोलणे आपण एकट्याचे म्हणून आठवतो. परंतु ते लक्षपूर्वक वाचणाऱ्यास असे दिसून येईल की, त्याच्या प्रत्येक तिरकस वाक्याला आळीतल्या समवयस्कांचा कान गृहीत आहे, आणि त्या कानाच्या अभावी त्याच वाक्यातून निव्वळ एका दरिद्री, एकाकी वृद्धाची कैफियत ऐकू येते. पु. लं.चे सामर्थ्य असे की, त्यांनी हसू आणि कैफियत दोन्ही ऐकली. आळीच्या पडवीत दररोज घडणारी ती मैफल लिहून काढण्यासाठी लेखक मात्र बाहेरून यावा लागला, हे रत्नागिरीकराने खेदाने मान्य करावे.

ही मैफल केवळ शहरात नाही. शिमग्याच्या दिवसांत जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांतून नमनाचे खेळे उभे राहतात. गण, गौळण आणि वग या क्रमाने रात्र चढत जाते. काळ्या वेषातला संकासूर प्रेक्षकांची फिरकी घेतो. आणि जाखडीच्या फडावर शक्तिवाले व तुरेवाले परस्परांना सवाल-जबाबांनी हैराण करतात. या कलांत विनोद सामुदायिक तालमीत घडतो, एकाचे वाक्य दुसरा सुधारतो, तिसरा त्याला हातवारा जोडतो, आणि पुढच्या वर्षी ते वाक्य अधिक धारदार होऊन परत येते. गीत रचणाऱ्या शाहिराचे नाव निदान घेतले तरी जाते. गद्य विनोद मात्र निनावी राहतो, आणि निनावी राहिल्यामुळे त्याचा कर्ता लेखक होत नाही.

या निनावी परंपरेतून नाव असलेला लेखक उभा राहिला, त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे राजापूर तालुक्यातील माडबनचे गंगाराम गवाणकर. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेले त्यांचे ‘वस्त्रहरण’ हे गावकऱ्यांनी बसवावयास घेतलेल्या नाटकाचेच नाटक आहे. तालमीतला गोंधळ, सरपंचाचा अंमल, सोंगांचे रुसवेफुगवे, हीच त्याची कथावस्तू. मच्छिंद्र कांबळी यांनी तात्या सरपंच साकारला, आरंभी रोडावलेल्या धंद्याला पु. लं.च्या जाहीर प्रशंसेने संजीवनी मिळाली, आणि पुढे प्रयोगांची संख्या पाच हजारांपलीकडे गेली. गवाणकरांची प्रतिभा, कांबळींची जिद्द आणि एका वडीलधाऱ्या विनोदकाराची निखळ दाद यांची ही सांगड होती. यांतील एक दुवा गळता तर मालवणी बोलीला व्यावसायिक रंगमंचाचे दरवाजे इतके सताड उघडले नसते, असे मी खात्रीने म्हणतो.

वर्तमानकाळी या पद्धतीला रीतसर व्यवसायाचे रूप आले आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली लेखक व लेखक-नट एकत्र काम करतात. समीर चौघुले यांच्यासारखा नट स्वतः लिहितो, आणि चिपळूणचा ओंकार भोजने त्यातून घराघरांत पोहोचला. या गटलेखनाची किंमतही मोजावी लागते, हे नमूद केले पाहिजे : आठवड्याचा तगादा लागला की हुकमी लकबी आणि ठरीव पात्रे यांवर भिस्त वाढते, गटाला जे हमखास हसवते तेच पुन्हा पुन्हा लिहिले जाते, आणि परस्परस्तुतीचा जो दोष एके काळी रविकिरण मंडळाच्या पदरी घातला गेला तो नव्या वेषात परत येतो.

रत्नागिरीत उणीव आहे ती तालमीच्या आधीच्या टप्प्याची. राज्य नाट्यस्पर्धेच्या येथील केंद्रावर हौशी संस्था दरसाल नाटके उभी करतात, मधु मंगेश कर्णिकांनी उभारलेली कोकण मराठी साहित्य परिषद मालगुंडला केशवसुतांचे स्मारक जोपासते. परंतु कवितेला जशी बैठक मिळाली तशी विनोदाच्या कच्च्या मसुद्याला मिळाली नाही, आणि नाटकवाल्यांकडे संहिता येते तेव्हा ती एकट्याने लिहून बंद केलेली असते. ‘वस्त्रहरण’ने मालवणीला जे स्थान मिळवून दिले ते रत्नागिरीकडच्या संगमेश्वरी बोलीला अद्याप मिळालेले नाही, ते बोलीच्या उण्या सामर्थ्यामुळे नव्हे, तिच्यात लिहिणाऱ्यांना एकमेकांचे कान मिळाले नाहीत म्हणून. १८२८ पासून चालत आलेल्या रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयासारख्या संस्थेच्या एखाद्या दालनात महिन्यातून एकदा पाच-सहा माणसांनी जमावे, त्यांत एखादा नमनातला सोंगाड्या आणि एखादा स्पर्धेतला नट अवश्य असावा, लेखकाने आपले लेखन वाचून झाल्यावर त्याचे स्पष्टीकरण देऊ नये, आणि जेथे कोणी हसले नाही ती पाने पुढील महिन्यात नव्याने लिहून आणावीत.