सजगता आणि आठवण

माझी पत्नी गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. तेरावा उरकल्यावर मुलाने माझ्या फोनवर ध्यानाचं एक ॲप घालून दिलं. त्यातली बाई गोड आवाजात सांगायची, विचार आला की नुसतं पाहा, जाऊ द्या, श्वासाकडे परत या. आता माझा विचार म्हणजे काय, तर ही ओट्यापाशी कपबशा विसळते आहे. तो जाऊ कशाला द्यायचा? तिथे मी अडलो, आणि शब्दांची मुळं उकरायची जुनी खोड जागी झाली.

मूळ पाली शब्द ‘सती’, म्हणजे आपली स्मृती. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ च्या भाषांतरात त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ योजला. आज तो ‘सजगता’ होऊन मराठीत परत आलाय, पण वाटेत आठवण सांडली, बरं का. संयुत्त निकायात तर सतीची ओळख करून देताना फार पूर्वी केलेलं, बोललेलं आठवणं हेच सांगितलं आहे.

काबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये हा उपाय सुरू केला, तो जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी. तिथे तो शोभतो. गुडघा दुखतो तो आत्ता दुखतो. शोकाचं तसं नाही. ज्याच्यासाठी शोक, ते माणूस ‘आत्ता’मध्ये नसतंच. मग दुःखिताला फक्त वर्तमानात बसवून ठेवणं म्हणजे त्या माणसापासून पुन्हा एकदा तोडणंच की! रात्री तीनला जाग आली की मीही श्वास मोजतो आणि झोप लागते, हे नाकारत नाही. पण झोप लागणं वेगळं.

किसा गोतमीची कथा आपण मृत्यू अटळ आहे एवढ्यासाठी सांगतो. मला ती अर्धीच वाटते. मेलेलं मूल कडेवर घेऊन आलेल्या त्या बाईला बुद्धांनी डोळे मिटून बसवलं नाही. जिथे कुणी मेलं नाही अशा घरून मोहरी आण म्हणून श्रावस्तीत दारोदार धाडलं. प्रत्येक दारात तिने विचारायचं आणि त्या घराने आपला गेलेला माणूस आठवायचा!

आणि आनंद? बुद्धांचा अंत जवळ आला तेव्हा तो दार धरून रडत होता. त्याला बोलावून प्रिय ते सारं दुरावणारच, हे बुद्धांनी सांगितलं खरं. पण तू इतकी वर्षं किती मायेने माझी सेवा केलीस, हेही त्याला सांगितलं, आणि मग सगळ्या भिक्षूंसमोर त्याचे गुण वर्णिले.

असो. प्रश्न विचारा, जरा मोठ्याने, मला कमी ऐकू येतं.