पुनर्निर्मित वस्तूंची किंमत आणि उत्पादन नियोजन : धाराशिव जिल्ह्यातील शेतीपंपांच्या संदर्भात एक चिकित्सा

वापरलेली वस्तू परत मिळवून, तिचे भाग तपासून व बदलून ती पुन्हा विक्रीयोग्य करणे म्हणजे पुनर्निर्मिती होय. या विषयावरील लेखनात गाइड, ट्युंटर व व्हॅन वासेनहोव्ह यांचा २००३ मधील लेख महत्त्वाचा आहे. वापरलेल्या मोबाइल संचांच्या व्यवसायाच्या आधारे त्यांनी जुन्या संचाची दर्जानिहाय खरेदी किंमत आणि पुनर्निर्मित संचाची विक्री किंमत एकत्रितपणे ठरविण्याचे प्रारूप मांडले. जुन्या वस्तूंचा पुरवठा नशिबावर न सोडता किमतीद्वारे नियंत्रित करता येतो, हा त्यांचा विचार मौलिक आहे.

तथापि, हे प्रारूप धाराशिव जिल्ह्यातील शेतीपंपांना लावून पाहता त्याच्या मर्यादा स्पष्ट होतात. अवर्षणप्रवण अशा या जिल्ह्यात बागायत विहिरी व कूपनलिकांवर विसंबून असते. विजेचा कमी दाब, एखादा फेज जाणे किंवा पाणी आटल्यावर पंप कोरडा चालणे यांमुळे मोटार जळते आणि शेतकरी ती भरून घेतो. मालकी बदलत नसल्याने काटेकोर अर्थाने ही दुरुस्तीच होय. परंतु जुना सांगाडा राखून तांब्याची तार व बेअरिंग नवे घालण्याची ही प्रक्रिया पुनर्निर्मितीला निकटची आहे.

येथे पहिली अडचण दर्जाची आहे. स्टेटर व रोटर यांची खरी अवस्था मोटार उघडल्यावरच कळते. दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. जुन्या वस्तूचा पुरवठादार आणि तयार वस्तूचा ग्राहक येथे एकच असतो व तो एकाच दिवशी दारी येतो. रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याची पाण्याची पाळी चुकल्यास होणारे नुकसान मोटार भरण्याच्या खर्चापेक्षा अधिक ठरू शकते. अशा ग्राहकाच्या दृष्टीने प्रतीक्षेचे दिवस हाही किमतीचाच भाग असतो. मागणी केवळ विक्री किमतीवर अवलंबून मानणाऱ्या प्रारूपात त्यांना स्थान नाही.

यावरून प्रारूप त्याज्य ठरत नाही. हंगामापूर्वी ३, ५ व ७.५ अश्वशक्तीच्या भरलेल्या मोटारी तयार ठेवून जळालेल्या मोटारीच्या बदल्यात दिल्यास मालकी बदलते आणि दर्जानिहाय किमतीचे सूत्र उपयुक्त ठरते. जुन्या मोटारीची वजावट तिची तपासणी झाल्यावर ठरविता येईल. मात्र अशा किती मोटारी तयार ठेवाव्यात, याचा हिशेब गुंतलेल्या भांडवलाइतकाच वाळणाऱ्या पिकाचाही असला पाहिजे. त्या हिशेबाविना किमतीचे गणित अचूक असूनही अपुरे राहील.