फिलोथेआचा प्रपंच

संत फ्रान्सिस डी सेल्स हे नाव आपल्याला अपरिचित नाही. नागपूरचे कॅथीड्रल त्यांच्या नावाने उभे आहे. त्यांच्या नावाचा मिशनरी संघ एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील आन्सीहून भारतात आला. डॉन बॉस्कोंच्या संघाला 'सलेशियन' हे नाव मिळाले तेही त्यांच्यावरूनच. २४ जानेवारीला त्यांचा सण येतो, त्या दिवशी प्रवचनात त्यांच्या सौम्यपणाचा उल्लेख होतो आणि विषय तेथेच संपतो. ज्या ग्रंथामुळे त्यांचे नाव चार शतके टिकले, तो 'भक्तिमय जीवनाची ओळख' हा ग्रंथ मात्र आपल्या घरांतून क्वचितच वाचला जातो. गेल्या उपवासकाळात आमच्या विभागातील आठ-दहा कुटुंबांनी त्यातील काही प्रकरणे एकत्र वाचली. त्या वाचनातून सुचलेले काही विचार येथे मांडतो.

ग्रंथाची जन्मकथा लक्षात घेण्यासारखी आहे. जिनिव्हा शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात असल्याने तेथील ह्या बिशपांना आन्सीत राहून कारभार पाहावा लागे. नात्यातील एका विवाहित स्त्रीला, मादाम दी शार्मोआझी हिला, त्यांनी अध्यात्ममार्गावर काही टिपणे व पत्रे लिहून दिली. तिने ती शांबेरी येथील एका येशूसंघीय धर्मगुरूंना दाखविली. त्यांनी प्रकाशनाचा आग्रह धरला आणि १६०९ साली पुस्तक निघाले. त्यात शार्मोआझीबाईंची 'फिलोथेआ' झाली. ह्या शब्दाचा अर्थ देवावर प्रेम करणारी. ग्रंथ स्त्रीला उद्देशून असल्याने आपल्याला त्याचा उपयोग नाही, असे एका पुरुषाने म्हटल्यावरून पुढच्या, १६१६ सालच्या ग्रंथात फ्रान्सिस ह्यांनी 'थिओटिमस' ह्या पुरुषाला संबोधले. अशी तक्रार आजही कानी येते. भक्ती हे बायकांचे खाते आणि व्यवहार हे पुरुषांचे, अशी वाटणी आपल्याही घरात आहेच.

१६१६ हेच फादर स्टीफन्स ह्यांच्या ख्रिस्तपुराणाचे प्रकाशनवर्ष. आपल्या पूर्वजांना मिळालेला तो ठेवा चर्चमध्ये बसून, समुदायाने ऐकण्याचा. फिलोथेआचे पुस्तक घरात, एकट्याने आणि हाती घरची कामे असताना वाचण्याचे. पहिल्या प्रकारची भक्ती आपण उत्तम सांभाळली. सण, नोव्हेना, मिरवणूक, घरोघर चालणारी जपमाळ ह्यांत आपण कोठे कमी पडत नाही. दुसऱ्या प्रकाराबाबत मात्र तसे म्हणवत नाही.

ह्या दुसऱ्या भक्तीची कसोटी ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात येते. भक्तीचे खोटे नमुने लेखक एकामागून एक उभे करतो. एक उपास काटेकोर पाळतो, पण मनात वैर ठेवतो. दुसरा मद्याला शिवत नाही, पण चहाड्या करून शेजाऱ्याचे रक्त पितो. तिसरा दान देतो, पण क्षमा करीत नाही. चौथा क्षमाही करतो, परंतु ज्यांचे देणे लागतो त्यांचे पैसे कायद्याचा बडगा आल्याखेरीज चुकवीत नाही. हा चौथा माणूस मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चहाडी आणि वैर ही पापे आपण पापनिवेदनात सांगतो. मजुराची राहिलेली मजुरी वा दुकानदाराची थकलेली उधारी तेथे सांगितलेली फारशी ऐकिवात नाही. एका बिशपाने १६०९ साली उधारी हा भक्तीचा विषय मानला, ह्याचे महत्त्व कमी लेखू नये.

पाच भागांपैकी तिसरा भाग सर्वांत मोठा व सर्वांत सरस आहे. येथे मोठ्या हौतात्म्याची भाषा नाही. डोकेदुखी, दातदुखी, पडसे, नवऱ्याची वा बायकोची चिडचिड, फुटलेला पेला, हरवलेला रुमाल अशा क्षुल्लक गोष्टींची यादी लेखक देतो आणि हेच प्रेमाचे साहित्य आहे असे सांगतो. सिएनाच्या संत कॅथरिनचे साक्षात्कार त्याला ठाऊक आहेत, तरी तो तिला बापाच्या स्वयंपाकघरात मांस भाजताना दाखवितो. एका हाताने बापाचे बोट धरून दुसऱ्या हाताने कुंपणावरची फळे तोडणारे मूल हे चित्र तर प्रपंचाविषयीच्या शंभर प्रवचनांना भारी आहे. फळे तोडायची आहेत, बोटही सोडायचे नाही. (सर्वच दाखले असे जमलेले नाहीत. प्राचीन निसर्गग्रंथांतून घेतलेल्या मधमाश्या, पक्षी आणि वनस्पती ह्यांची इतकी गर्दी होते की वाचक कंटाळतो. त्यातील बरीच माहिती शास्त्रदृष्ट्या चुकीचीही आहे.)

आमच्या वाचनात खरी खळबळ उडाली ती ह्याच भागातील छत्तिसाव्या प्रकरणाने. आपल्याला दोन हृदये असतात, असे लेखक तेथे म्हणतो. एक स्वतःसाठी मऊ, दुसरे शेजाऱ्यासाठी कठोर. विकताना महाग आणि घेताना स्वस्त हवे असते. उपाय एकच : घेताना स्वतःला विकणाऱ्याच्या जागी आणि विकताना घेणाऱ्याच्या जागी ठेवून पाहावे. प्रकरण लहान आहे. वाचून झाल्यावर भाजीच्या भावाविषयी थोडी हसतखेळत चर्चा झाली. मग एका वयस्क बाईंनी विचारले, "मंग हक्कसोडीचा काय?"

ह्या प्रश्नावर कोणी हसले नाही. जमिनीचे भाव वाढल्यापासून आपल्या गावांतून हक्कसोडपत्र हा शब्द प्रत्येक घरात शिरला आहे. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी ह्यांचा वाटा सारखाच. तरीही वाडी विकायची वेळ आली की भाऊ बहिणीकडे मिठाई घेऊन जातात आणि सही घेऊन येतात. बहिणीने विचारणा केली तर 'आपल्यात अशी रीत नाही' हे उत्तर मिळते. तोच भाऊ बायकोच्या माहेरच्या वाटणीत मात्र कायद्याचे पुस्तक उघडतो. फ्रान्सिस ह्यांची दोन हृदये ती हीच! सही देणारी बहीण कित्येकदा राजीखुशीने देते, हेही खरे. पण माहेर तुटेल ह्या भीतीने दिलेल्या सहीला राजीखुशी म्हणावे काय, ह्याची चर्चा त्या संध्याकाळी पुरी झाली नाही. दोघे जण प्रार्थनेपूर्वीच उठून गेले. माझ्या मते ग्रंथाच्या सामर्थ्याचा ह्याहून मोठा पुरावा देता येणार नाही.

असे असले तरी ग्रंथाची मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. फिलोथेआ ही घरंदाज स्त्री आहे. तिच्या घरी नोकर आहेत, तिला मेजवान्यांना आणि नृत्यांना जावे लागते आणि मुख्य म्हणजे तिला वेळ आहे. लेखक तिला रोज दुपारच्या जेवणाआधी, शक्य तर सकाळीच, तासभर मनन करावयास सांगतो. पहाटेच्या लोकलने मोगऱ्याच्या आणि चाफ्याच्या पाट्या दादरला पोचविणाऱ्या आपल्या बाईने हा तास कोठून आणावा? इतका वेळ कसा मिळणार, ही शंका लेखकाला शेवटच्या भागात सुचते. पण उत्तरादाखल तो दावीद आणि संत लुई ह्या दोन राजांची उदाहरणे देतो. राजाला कामे असतात हे मान्य, पण राजाची फुले पहाटे कोमेजत नाहीत. गरीब माणसे ग्रंथात येतात ती फिलोथेआने सेवा करावी म्हणून. त्यांच्यातल्या कोणी हे पुस्तक हाती धरले तर काय, हा विचार क्वचितच दिसतो. कारागिराच्या दुकानातून भक्तीला हद्दपार करणे ही चूक नव्हे, पाखंड आहे, असे लेखक सुरुवातीस ठणकावतो. दुकानाचे दार त्याने उघडले खरे, पण आत जाऊन तो फार वेळ बसला नाही.

तथापि ह्या अडचणीवरचा तोडगाही त्याच्याच लेखनात सापडतो. मनन संपल्यावर बागेतून निघताना चार फुले खुडून घ्यावीत आणि दिवसभर त्यांचा वास घ्यावा, तसे एक-दोन विचार बरोबर न्यावेत, असे तो सांगतो. गर्दीत उभे असतानाही क्षणभर मनाने देवाजवळ जाता येते, हेही त्याचेच सांगणे. फुलांच्या पाट्यांशेजारी उभ्या असलेल्या बाईला हे शिकवावे लागणार नाही. तिच्यापासून फिलोथेआलाच काही शिकता आले असते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजाच्या पाचव्या प्रकरणात पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे असे शिकविले आणि पुढच्याच वर्षी श्रद्धा व दैनंदिन जीवन ह्यांतील फारकत ही आपल्या काळातील गंभीर चूक ठरविली. साडेतीनशे वर्षांपूर्वी आन्सीत हाच विचार एका बाईसाठी लिहिला गेला होता. फ्रान्सिस ह्यांच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली त्या दिवशी, २८ डिसेंबर २०२२ रोजी, पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्यावर प्रेषितीय पत्र काढले. त्या निमित्तानेही आपल्याकडे ग्रंथाची फारशी चर्चा झाली नाही.

हा ग्रंथ नव्याने हाती घेणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. पहिल्या भागातील मृत्यू, नरक आदी विषयांवरील मनने प्रथम वाचू नयेत. आपल्या वाचकाला ती ओळखीची वाटतील आणि हा ग्रंथही त्याच साच्यातला आहे असे समजून तो मिटून ठेवील. सुरुवातीची तीन प्रकरणे वाचून सरळ तिसऱ्या भागाकडे वळावे. पस्तीस, छत्तीस आणि विवाहितांना उपदेश करणारे अडतीस ही प्रकरणे घरातल्या सर्वांनी मिळून वाचावीत. माहेरी आलेल्या बहिणी घरात असतील असा दिवस त्यासाठी निवडावा.