आधी निकष, मग शोध

प्रबंधातले ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे दुसरे प्रकरण आपल्याकडे कसे उरकले जाते, ते सर्वांना ठाऊक आहे. हाती लागलेले लेख, मार्गदर्शकांचे दोन, आणि उरलेले आपल्या निष्कर्षाला सोयीचे. पद्धतशीर आढाव्याचा प्रोटोकॉल या सोयीलाच आडवा येतो. प्रश्न कोणता, शोध कुठे आणि कोणत्या शब्दांनी, कोणता अभ्यास घ्यायचा, कोणता वगळायचा, दोन परीक्षकांचे पटले नाही तर काय, हे निष्कर्ष दिसण्याआधी लिहून जाहीर नोंदवायचे. आरोग्यविषयक आढाव्यांसाठी यॉर्क विद्यापीठाची ‘प्रॉस्पेरो’ ही नोंदवही २०११ पासून आहे. पुढे बदल करता येतो, पण तो तारखेसह दिसतो.

तारापूरच्या कारखान्यांचा आरोग्यावरील परिणाम हा विषय घेऊन बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्येच या वसाहतीला गंभीर प्रदूषित ठरवले. पण तो निर्देशांक; माणसे किती आजारी पडली याचा तो पुरावा नव्हे. पुरावा अभ्यासांत शोधायचा, आणि खरी गोची तिथे होते. ‘पालघर’ शब्दाने शोधले तर संशोधन जणू २०१४ नंतरच सुरू झाले असे वाटेल, कारण जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. त्याआधीचे सारे ‘ठाणे’ नावाखाली. जुन्या इंग्रजी कागदांत त्याचेही स्पेलिंग निराळे. ‘तारापूर’ टाकावे तर १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र पुढे येते. वसाहत बोईसरला, नाव तारापूरचे. वर गुजरातेत आणि बिहारमध्येही तारापूर आहेच!

याहून घातक निकष ‘फक्त इंग्रजी’ हा. एका ओळीत तो मराठी अहवाल, सर्वेक्षणे, तक्रारींची चौकशी बाहेर काढतो. आणि अनेकांना तो तांत्रिक तपशील वाटतो. मला तो निष्कर्षच वाटतो, आधी ठरवलेला. तसेच परिणामाचे: दमा मोजायचा की बाळाचे जन्मवजन, हे अभ्यास वाचून ठरवले, तर कारखानदाराचा आढावा एक उत्तर देईल, चळवळीचा दुसरे, आणि दोघांकडे संदर्भ भरपूर असतील.

नोंदणी क्रमांकाचा रुबाब मात्र नको. नोंदवही आराखड्याच्या दर्जाची हमी देत नाही; शोधशब्दांत बोईसर राहून गेले तर ते तिला कळायचे नाही. ते कळेल मुरबे-नवापूरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला, आणि प्रोटोकॉल लिहिताना त्याला विचारायची रीत अजून तरी आपल्या विद्यापीठांत नाही.